मास्तरांनी मोजलेली आळी

मास्तर वेडे नव्हते. आळीत सगळे म्हणायचे, पण मी वेडी माणसं पाहिली आहेत. वेड्या माणसाला आपलं काही चुकलं असं कधी वाटत नाही. मास्तरांना वाटलं. वाटायला बरेच महिने लागले, हा भाग वेगळा.

आमची आळी चौल आणि रेवदंड्याच्या मध्ये आहे. आठ घरं एका रांगेत, मागे नारळ-सुपारीची वाडी. पहिल्या घराचा मालक मुंबईला असतो. त्याच्या घरात मास्तर भाड्याने आले. जन्मभर त्यांनी मुंबईत लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. पुढचे दात गेले तसं क्लॅरिनेट सुटलं, म्हणून इकडे येऊन मुलांना पेटी आणि कीबोर्ड शिकवू लागले. बायको होती की नव्हती ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. शेजार चांगला राहायचा तर असंच असावं.

त्यांना एक खोड होती. कुणाचं गाणं अर्धं राहिलेलं त्यांना सहन होत नसे. कुणी गुणगुणत जाताना मध्येच थांबला की मास्तर खिडकीतून उरलेला सूर म्हणून मोकळे व्हायचे. रेवदंड्याची पारू कोळीण रोज सकाळी म्हावरं घेऊन यायची. "बोंबील घ्याऽऽ" अशी तिची हाक, आणि ती शेवटी वरच लटकत राहायची. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी आतून पेटीवर शेवटचा सूर दाबला आणि तिची हाक खाली आणली. पारूने पाटी उतरवली.

"काय रं म्हाताऱ्या, माजी नक्कल करतंस?"

"नक्कल नाही हो. तुमची हाक अर्धी राहिली होती, ती घरी पोचवली."

"माजे घरी मी पोचन. तुला बोंबील पायजे का नको, ता सांग."

मास्तरांनी बोंबील घेतले. दुसऱ्या दिवसापासून पारू मुद्दाम त्यांच्या दारात हाक आणखी वर नेऊन सोडायची. मास्तर पेटी दाबायचे, बाहेर यायचे आणि बोंबील घ्यायचे. एवढे बोंबील एकट्या माणसाला पचले कसे, मला माहीत नाही.

"गाण्यात सूर कुठले लागले ते विचारू नका," असं ते मुलांना सांगायचे. "गाणं शेवटी घरी कुठे जातं ते विचारा." हे वाक्य मी माझ्या ओट्यावरून शंभरदा ऐकलं असेल. त्यांनी स्वतः ते एकदा ऐकलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

माझं घर सहावं. मी चौथी शिकले आहे. मी धवलारीण. आमच्या आगरी लग्नात मांडव घातल्यापासून हळद उतरेपर्यंत धवलारीण गाते आणि तिच्या गाण्यावर विधी पुढे सरकतात. त्या गाण्याला धवला म्हणतात. मी एक ओळ म्हणायची, मागे बसलेल्या बायकांनी ती उचलायची. हे काम मला सासूकडून आलं. सासू बोलायला कडक होती. तिने शिकवताना एकच गोष्ट बजावली, की नवरीला हळद लागत असताना धवला मध्ये सोडायचा नाही. "घरात मयत झालं तरी आधी धवला संपव, मग रड," असं म्हणाली. मी चाळीस वर्षं गायले. ताप असताना गायले. नवरा गेल्याच्या वर्षीही गायले, कारण विधवेने गाऊ नये म्हणणाऱ्यांना दुसरी धवलारीण सापडली नाही.

भिंतीवरच्या आकड्यांची गोष्ट याच दिवसांतली. मास्तरांच्या मुलांना एक धडा कळत नव्हता. मेजर नावाची सुरांची एक रांग असते, आणि तिची एक नातेवाईक असते, मायनर. दोघींचे सूर तेच, पेटीच्या पट्ट्या त्याच, तरी गाणं वेगळं होतं. मुलं म्हणायची, सर, पट्ट्या त्याच तर वेगळं काय? मास्तरांनी एका रविवारी सकाळी लाल तेलरंगाचा डबा घेतला आणि आळीतल्या आठही दारांशेजारी भिंतीवर एक ते आठ आकडे काढले. कुणाला विचारलं नाही.

लोक बाजारातून परत आले ते आकडे बघून बसलेच. लाल रंगाचा आकडा म्हणजे मोजणी, मोजणी म्हणजे रस्ता रुंद होणार, घरं जाणार. इकडे प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या भावकीचं घर असं गेलेलं पाहिलंय. चौथ्या घरातली बाई रडायला लागली. पाचव्या घरातला म्हातारा सातबारा काखेत मारून अलिबागला गेला. दुसऱ्या घरातला हुशार. त्याने भरपाई जास्त मिळावी म्हणून दोन दिवसांत पुढे नवी पडवी काढली. तिसऱ्या दिवशी मास्तर मुलांना घेऊन आळीतून चालत मोठ्याने आकडे म्हणू लागले, तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या घरातला त्यांच्या अंगावरच धावला. पडवी अजून आहे. तिच्यात आता तो स्कूटर लावतो.

मी गेले विचारायला.

"मास्तर, आमच्या भिंतीवर सहा कशाला?"

"बाई, ही आळी म्हणजे पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या आहेत. दोन पांढऱ्यांच्या मध्ये काळी पट्टी असते, तसा आपल्या दोन घरांच्या मध्ये बोळ आहे. फक्त तिसऱ्या-चौथ्या घराची भिंत एक आहे आणि सातव्या-आठव्याची. पेटीतही नेमकं तिथेच काळी पट्टी नाही. एवढी चांगली आळी मला मुंबईत मिळाली नाही."

"आणि पहिले तुम्हीच का?"

"कुठून तरी मोजायला लागतंच."

"मग माझ्या दारापासून मोजा."

ते हसले. "तुमच्या दारापासून मोजलं तर मायनर होईल."

मला ते कळलं नाही. मी सहा राहू दिला, कारण रंग घासून काढायला माझे हात मोकळे नव्हते.

मेजर-मायनरचं त्यांचं गणित बँडमधलं होतं. वरात निघाली की मेजर वाजवायचं, मुलीची पाठवणी झाली की मायनर. लोक मेजरवर नाचतात, मायनरवर रडतात. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. मुलांनाही तसंच सांगायचे, आनंद म्हणजे मेजर आणि दुःख म्हणजे मायनर. मी एकदा म्हटलं, पाठवणीला अर्ध्या बायका सुटलो म्हणून खूश असतात. तर म्हणाले, बाई, तुम्ही धड्यात मोडता घालू नका.

मग डंपरवाल्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. हा शेजारच्या गावचा. बाप मिठागरात राबलेला, याने डंपर घेतले. माणूस वाईट नाही. माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आये, पोरा बोलतात धवला मोबायलवरचा लावू. मी बोललू, न्हाय, आमची आयेच गाईल. पन जरा म्युझिक असू दे गो. तुमचे आलीतला मास्तर हाय ना, त्याला सांगतू."

मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर मोबाईल लागला असता.

मास्तरांनी मला त्यांच्या खोलीत बसवून गायला लावलं. मोबाईलमध्ये भरून घेतलं. माझ्या आवाजाला जुळवायला कीबोर्डमधला कसलासा आकडा खाली-वर केला आणि एकेक पट्टी दाबत गेले. "बघा, सगळे सूर पांढऱ्या पट्ट्यांवर. एकही काळी नाही. म्हणजे घर पांढरी एक, माझं पहिलं दार. मेजर."

"तुमचा सूर माझ्या गाण्याखाली बसत नाही, मास्तर. खाली काहीतरी टोचतं."

"हळदीचं गाणं आहे ना? आनंदाचं आहे ना? मग मेजरच. सवय नाही तुम्हाला वाद्याची. होईल."

शिकलेला माणूस, म्हटलं, त्यालाच ठाऊक.

मांडव मोठा होता. कीबोर्डला दोन स्पीकर, माझ्या हातात माईक. नवरीची आत्या हळदीची वाटी घेऊन उभी. मी सुरुवात केली. माझी ओळ शेवटी खाली येऊन टेकते. सासूची तिथेच टेकायची, तिच्या सासूचीही. मी टेकवली, आणि स्पीकरमधून मास्तरांचा सूर वेगळीकडेच उभा. मागच्या बायकांनी ओळ उचलून माझ्यासारखीच खाली ठेवली. मास्तरांना ते अर्धं राहिल्यासारखं वाटलं असणार. त्यांची ती खोड. त्यांनी आपल्या माईकमधून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हटलं, "बाई, शेवट चुकतोय. वर या. घर वर आहे."

मी वर गेले. मला आजही चीड येते ती याचीच. मास्तरांची नाही, माझी. चाळीस वर्षं ज्या जागी उतरत होते ती सोडून मी एका बँडवाल्याचं ऐकलं. मी वर गेले आणि मागच्या बायका नेहमीच्या जागी खाली. धवल्याचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या ओळीला तेच. तिसऱ्या ओळीला मला माझं गाणं कुठे उतरतं तेच आठवेना. मी थांबले.

आत्याचा हळदीचा हात नवरीच्या गालावर तसाच राहिला. "आये, बोल गो," ती हळूच म्हणाली. "आये, बोल ना." कुणीतरी मोबाईल जोडला आणि उरलेली हळद मोबाईलवर लागली.

त्यानंतर तीन लग्नांत मला बोलावलं नाही. चौथ्या लग्नाला बोलावलं तर मीच गेले नाही. घरात एकटी असताना ओळ म्हणून बघायची, आणि शेवटाला आलं की पाय कुठे ठेवायचा कळायचं नाही. मला खरंच वाटलं, कान गेला. सून म्हणाली, "बरं झालं, तुमचे गुडघे तरी वाचतील." ती वाईट हेतूने बोलली नाही. पण गुडघ्यांचं मला काही पडलं नव्हतं. सासूने एक गोष्ट सांगितली होती, तीच मी मोडली होती.

मास्तरांनी माफी मागितली नाही. पण त्यांच्या घरातून माझा आवाज यायला लागला. मोबाईलमध्ये भरलेला. तीच ओळ, पुन्हा तीच ओळ, आणि सोबत पेटी. सहाव्या घरात बसून मी माझंच गाणं पहिल्या घरातून ऐकायची. एके दिवशी दारात जाऊन ओरडले, "बंद करा ते!" त्यांनी बंद केलं आणि मी परत फिरल्यावर हळू आवाजात लावलं.

पारूच्या हाकेला सूर देणंही त्यांनी सोडलं. ती त्यांच्या दारात हाक लटकवून उभी राहायची, आतून काही नाही. मला येऊन म्हणाली, "म्हातारा मेला का काय गो?"

"नाही. विचार करतोय."

"बोंबील कुजतील माजे त्याचे विचारान."

असे पाचसहा महिने गेले. मग एका दुपारी मास्तर माझ्या ओट्यासमोर येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली.

"बाई, जरा चला माझ्याबरोबर. पहिल्या घरापर्यंत."

"कशाला?"

"चला तर."

गेले. त्यांनी आपल्या दारापासून चालायला सुरुवात केली. "पहिलं घर. बोळ. दुसरं. बोळ. तिसरं. आता बोळ नाही, भिंत एक. चौथं. म्हणजे माझ्या दारातून निघालं तर तीन घरं झाल्यावर जोडभिंत येते. बरोबर?"

"बरोबर."

मग ते चालत माझ्या दाराशी आले. "आता इथून. हे पहिलं."

"हे सहावं."

"आता हे पहिलं समजा. तुम्हीच म्हणाला होतात. पहिलं. बोळ. दुसरं. आणि जोडभिंत. दोनच घरं झाली, तर जोडभिंत आली." त्यांनी त्या भिंतीवर हात ठेवला. "आळी तीच, घरं तीच. एक वीट हलली नाही. पण तुमच्या दारातून निघालेल्या माणसाची चाल वेगळी होते. तुमचा धवला या दारातून निघतो आणि या दारात परत येतो. मी पट्ट्या बघितल्या, त्या बरोबर होत्या. घर बघितलं नाही. मी माझ्या दारापासून मोजत राहिलो आणि तुमचं गाणं माझ्या घरी ओढत नेलं."

"म्हणजे ते मायनर?"

"मायनर."

"मग रडायचं गाणं झालं की ते."

"नाही," ते म्हणाले. "तिथेच चुकलो. हळदीचं गाणं मायनर असूच शकत नाही असं मी धरून चाललो. पाठवणीला वाजवून वाजवून मला वाटलं, त्या घरात फक्त रडतात."

कान गेला नव्हता. मला एकदम पाणी प्यावंसं वाटलं. पण मी विचारायचं ते विचारलं.

"हे तुम्हाला आधी ठाऊक होतं ना, मास्तर? याच्यासाठी तर भिंती रंगवल्या."

"दर आठवड्याला शिकवतो, बाई."

"मग?"

खिशातून त्यांनी लाल रंगाची डबी काढली. "तुमचा सहा खोडून एक करतो."

"हात लावू नका. धवला मोडला मांडवात, चारशे माणसांत. दुरुस्त आळीत करून काय उपयोग? इथे कोण ऐकतंय, पारूचे बोंबील?"

ते डबी खिशात घालून गेले.

पुढच्या मोसमात डंपरवाल्याच्या धाकटीचं लग्न होतं. मास्तर तीन बस बदलून त्याच्या पाली गावाकडच्या खडीच्या खाणीवर गेले, कारण तो घरी सापडत नव्हता. काय बोलले मला माहीत नाही. डंपरवाला मात्र माझ्याकडे येऊन म्हणाला, "आये, येशील ना गो? मास्तर बोलला, तू न्हाय आलीस तर तो मांडवातून उठनार न्हाय. त्याला उचलून कोन टाकील?"

मी गेले. मास्तरांनी कीबोर्ड आणला नव्हता. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा सदरा. त्यांनी माईक मागून घेतला.

"मागच्या लग्नात धवला मोडला," ते म्हणाले. "लोक म्हणतात बाईंनी मोडला. बाई बरोबर गात होत्या. मी वाजवायला चुकीच्या जागी बसलो होतो आणि वरून त्यांना चूक म्हणालो. जन्मभर हेच काम केलेल्या माणसाकडून झालं, म्हणून सांगतो."

मांडवात कुणीतरी हसलं. "बस रं मास्तर, हलद सुकली!"

मास्तर बसले. पण पुरुषांकडे नाही. माझ्या मागे धवला उचलणाऱ्या बायका बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन चटईवर मांडी घालून बसले. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "काय मास्तर, लुगडं देऊ का?" एक म्हणाली. मास्तर म्हणाले, "आधी गाणं होऊ द्या."

तीच आत्या, तीच वाटी. मी सुरुवात केली. ओळ संपत आली तशी क्षणभर भीती वाटली, आणि मग मी ती जिथे ठेवायची तिथे ठेवली. खाली. मागून बायकांनी उचलली, आणि त्यांच्या आवाजात पुढचे दात नसलेल्या पुरुषाचा एक आवाज होता. तो त्यांच्याबरोबर चालला आणि त्यांच्याबरोबर खाली आला. एकदाही वर गेला नाही. मी मागे वळून बघितलं नाही. हळद पुरी लागली. धवला पुरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढायला बाहेर आले तर भिंतीवरचा सहा गेला होता. त्या जागी लाल एक होता. मला विचारलं नव्हतं. मी केर काढून घेतला.

मास्तर त्यानंतर दोन वर्षं जगले. अलिबागच्या दवाखान्यात गेले. पुतण्या आला, कीबोर्ड घेऊन गेला, घराला कुलूप लागलं. मी रडले नाही. ते म्हातारे होते, मीही आहे. पारू अजून त्या कुलपासमोर हाक मारते आणि लटकती सोडते. ती मी पुरी करत नाही. ते माझं काम नाही. मला लग्नं असतात. या मोसमात सात झाली.

परवा कुरियरवाला आला. पहिल्या घराचं कुलूप बघून इकडेतिकडे फिरला, शेवटी माझ्या ओट्याशी येऊन घाम पुसत म्हणाला, "आजी, या आळीत दोन घरांवर एक नंबर आहे. खरा कुठला?"

"दोन्ही खरे आहेत," मी म्हटलं. "तुला कुणाकडे जायचंय ते बोल."